नाकाता आठवतोय का कुणाला?

बाकावरचा_बाळू

परवा भाचा आलेला घरी, वय वर्षं चौदा, दिवसभर फोनवर गोल बघत पडलेला. जपानचा मितोमा म्हणजे त्याचा देव. म्हटलं अरे आमच्या वेळी जपानचा एकच माणूस माहीत होता लोकांना, नाकाता. तर कार्टं म्हणतं, "तो साकेवाला ना मामा? तो फुटबॉल पण खेळायचा?" (साके म्हणजे तिकडची तांदळाची दारू.)

पण!! त्या 'पण'मुळे रात्री झोप नाही लागली, म्हणून हा धागा.

२००२ चा वर्ल्ड कप आठवा. कोरिया-जपानला असल्यामुळे मॅचेस आपल्याकडे भर दुपारी. १४ जूनला जपान-ट्युनिशिया, आपले दुपारचे बारा, शाळा नुकतीच सुरू झालेली, मी आठवीत. पोट दुखतंय सांगून घरी राहिलो. आईने मग पथ्य म्हणून मऊ भात आणि मेतकूट दिलं, ते ताट मांडीवर घेऊन टेन स्पोर्ट्ससमोर बसलेलो. ओसाकाचं स्टेडियम नुसतं निळंशार. दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडून क्रॉस आला, नाकाता धावत आला, डोकं लावलं, बॉल आत. मी जी उडी मारली ती भात सगळा सतरंजीवर, आणि पोटदुखी जागच्या जागी बरी. आईने काय ओळखायचं ते ओळखलं.

तेव्हापासून हा माणूस डोक्यात बसला. पळताना मान ताठ, चेहऱ्यावर माशी हलत नाही, समोरचा येऊन धडकला तर धडकणाराच पडायचा. बॉल पायात यायच्या आधी याची मान दोनदा इकडे तिकडे फिरलेली असायची. केस कधी पिवळे तर कधी काळे.

आता काल बसून आकडे काढले तर जपानसाठी ७७ मॅचेस आणि ११ गोल. बस्स एवढेच? मला वाटलेलं चाळीस तरी असतील.

आणि शेवट. २००६, जर्मनी, ब्राझीलशी मॅच, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. जपानने आधी गोल केला आणि मग ब्राझीलने ४-१ धुतलं. शिट्टी झाली तसा हा गडी मधल्या वर्तुळात आडवा झाला, तोंडावर शर्ट ओढून घेतला आणि उठेचना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाबा अर्धवट झोपेत म्हणाले, "चक्कर आली वाटतं त्याला, पाणी द्या रे कोणीतरी," आणि आत जाऊन झोपले. ३ जुलैला बातमी आली की गडी रिटायर. वय २९!

तर प्रश्न दोन. इतक्या कमी गोलांवर नाव इतकं टिकलं कसं? आणि का सोडलं त्याने? जाणकारांनी प्रकाश टाकावा. चुभूद्याघ्या.

भिंतीवरची_पाल

सतरंजीवरच्या भातातच धाग्याचं सार्थक झालं. वाचतेय.

रेफ्री_सुटीवर

बाळूशेठ, नाकाताचे गोल मोजायचे नसतात, त्याने दुसऱ्यांना काय काय वाढून ठेवलं ते बघायचं. तुम्ही २००२ पासून सुरुवात केलीत, गोष्ट आधीची आहे.

१९९३ ला दोहामध्ये जपान वर्ल्ड कपला जाता जाता राहिलं होतं. इराकशी शेवटची मॅच, २-१ ने पुढे, आणि इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरवरून हेडर खाल्ला. २-२. खेळाडू जागेवरच बसले. जपानी माणसाला नुसतं 'दोहा' म्हणा, अजून कळ येते. त्याच वर्षी जे-लीग (जपानची प्रोफेशनल लीग) सुरू झालेली, त्यामुळे देशभर फुटबॉलचं वेड आणि वर्ल्ड कपचा मात्र पत्ता नाही.

चार वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९९७, मलेशियात जोहोर बाहरूला इराणविरुद्ध प्लेऑफ. जिंकेल तो फ्रान्सला. नाकाता तेव्हा २० वर्षांचा!! पहिला गोल नाकायामाचा, पास नाकाताचा. मग इराणने दोन मारले, अझीझी आणि अली दाई. १-२. पुन्हा नाकाताचा क्रॉस, 'जो' नावाच्या खेळाडूचं हेडर, २-२. एक्स्ट्रा टाइम, गोल्डन गोलचा नियम, म्हणजे जो पहिला मारेल त्याची मॅच तिथेच संपली. ओकानो नावाचा लांब केसांचा पळणारा पोरगा आणलेला त्यांनी, त्याने आधी असे चान्स घालवले की घरात टीव्ही फुटले असतील. ११८ व्या मिनिटाला नाकाता स्वतः मारतो, इराणचा गोलकीपर कसाबसा अडवतो आणि बॉल सुटून नेमका ओकानोसमोर. त्याने घसरत जाऊन ढकलला. जपान पहिल्यांदा वर्ल्ड कपला.

आता स्कोअरबोर्डवर बघाल तर नाकाताचं नाव एकदाही नाही. तिन्ही गोलांत तोच आहे. तुमच्या ११ च्या आकड्याचं उत्तर ह्या एका मॅचमध्ये आहे.

खडूस_काका

आला भक्तांचा धागा. जरा थंड पाणी मारतो.

एक, युरोपात खेळलेला पहिला जपानी नाकाता नाही. ओकुदेरा १९७७ ला कोलोनला गेला आणि पहिल्याच सीझनला जर्मन लीग आणि कप दोन्ही घेऊन बसला. तेव्हा नाकाता पाळण्यात होता. दोन, इटलीत पण हा पहिला नाही, काझू मिउरा १९९४ ला जेनोआत होता. तीन, आशियातला भारी म्हणाल तर मी पार्क जी-सुंग म्हणेन, मँचेस्टर युनायटेडला सात वर्षं काढणं म्हणजे खाऊ नाही. नाकाताचं काय, पेरुजा, रोमा, पार्मा, बोलोन्या, फियोरेंतिना, बोल्टन. शेवटी शेवटी भाड्याने फिरत होता. बाकी सगळी हेअरस्टाईल आणि महागड्या जॅकेटची कमाई. पोस्टर बॉय होता हो, त्यात वाईट काही नाही, पण 'लेजंड' शब्द जरा जपून.

इस्त्रीवाला

काका आले, पॉपकॉर्न आणा.

रेफ्री_सुटीवर

@खडूस_काका, ओकुदेरा बरोबर. ते नाव मीच घ्यायला हवं होतं. पण ओकुदेरा गेला आणि त्याच्यामागे किती गेले? मोजके. काझू जेनोआत एक गोल करून वर्षभरात परत आला. बिचाऱ्याचं पहिल्याच मॅचला नाक फुटलं होतं ही गोष्ट वेगळी.

आणि पेरुजा म्हणजे 'काय' नाही काका. तेव्हाची इटालियन लीग म्हणजे जगातली सगळ्यात अवघड, डिफेंडर लोक हाडं मोजून परत द्यायचे. लोक म्हणत होते मालक गाउचीने जर्सी विकायला जपानी आणलाय. सप्टेंबर १९९८, पहिलीच मॅच, समोर चॅम्पियन युव्हेंटस. पेरुजा ३-० ने मागे. नाकाताने दोन गोल मारले! मॅच ३-४ ने हरले तरी दुसऱ्या दिवसापासून 'जर्सी विकायला आणलाय' हे वाक्य बंद. त्या सीझनला मिडफिल्डरने लीगमध्ये १० गोल. जर्सी विकल्या हे खरंच, जपानी टूरिस्टांच्या बसेस त्या डोंगराळ गावात यायला लागल्या हे पण खरं, पण खेळला म्हणून विकल्या ना?

रोमची_पाहुणी

मी सहसा नुसती वाचते पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही २००० ते २००२ रोमजवळ होतो. मला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं, अजूनही ऑफसाइड कळत नाही. पण खालच्या कॉफी बारमध्ये रविवारी अख्खी गल्ली जमायची, घरी बसलं तरी आवाज येतोच, त्यापेक्षा खाली गेलेलं बरं.

६ मे २००१. युव्हेंटसशी तूरिनला मॅच. रोमा टेबलात वर, युव्हेंटस पाठीमागे लागलेली. सुरुवातीलाच दोन गोल खाल्ले आणि बारमध्ये मयताची शांतता. मग दुसऱ्या हाफला कोच कपेल्लोने तोत्तीला बाहेर काढलं. तोत्तीला!! म्हणजे पंढरपुरात विठोबाला बाजूला सरकवण्यासारखं. बारवाल्याने हातातलं फडकं टीव्हीवर फेकून मारलं. आत कोण आला तर नाकाता. युरोपियन युनियनबाहेरचे किती खेळाडू खेळवायचे त्याची मर्यादा होती तिकडे, ती नेमकी त्याच आठवड्यात उठली म्हणून तर तो खेळू शकला, त्यावरून युव्हेंटसवाले नंतर किती दिवस बोंबलत होते.

मॅच संपायला दहा-अकरा मिनिटं असतील. ह्याने कुठून तरी लांबून असा काही मारला की मला वाटलं टीव्हीचंच काहीतरी झालं. आणि अगदी शेवटी पुन्हा ह्याचाच शॉट, गोलकीपर वान डर सारच्या हातून निसटला आणि मोंतेल्लाने आत टाकला. २-२. बारवाला रडत होता. माझ्या मुलीला, पाच वर्षांची होती, तिला त्याने काउंटरवर उभं करून फुकट आइस्क्रीम दिलं आणि विचारलं "जपान?" आम्ही नाशिकचे हे सांगायची ती वेळ नव्हती.

बाळू_फॅन_क्लब

विठोबा सरकवला!! ताई अजून लिहा.

रेफ्री_सुटीवर

ताईंच्या गोष्टीला हिशोब जोडतो. त्या सीझनच्या शेवटी रोमा ७५ पॉइंट, युव्हेंटस ७३. ती मॅच रोमा हरली असती तर रोमा ७४ आणि युव्हेंटस ७५. म्हणजे रोमाची स्कुदेत्तो (लीगचं विजेतेपद) तिथेच गेली होती. त्या अर्ध्या तासासाठी रोममध्ये त्याला अजून मानतात. काका, ह्याला पोस्टर बॉय म्हणायचं?

त्यानंतर पार्माने त्याला साधारण २.८ कोटी युरो देऊन नेलं. आशियाई खेळाडूसाठी एवढे पैसे पुन्हा मोजले गेले ते थेट २०१५ ला, सन ह्युंग-मिनसाठी. पुढच्याच वर्षी पार्माने इटालियन कप घेतला तो पण युव्हेंटसच्या नाकावर टिच्चून. तूरिनला २-१ हरले पण इंज्युरी टाइममध्ये ह्याने मारलेला तो एक गोल, घरी १-० जिंकले आणि अवे गोलवर (एकूण बरोबरी झाली की परक्या मैदानावरचे गोल बघतात) कप.

खडूस_काका

हिशोब मान्य. अर्धा तास मान्य. पण अर्धा तासच! उरलेला सीझन बाकावर बसून काढला, तोत्तीपुढे जागाच नव्हती. आणि २००१ ला कन्फेडरेशन्स कपची फायनल घरच्या मैदानावर फ्रान्सशी होती ती सोडून हा रोमला निघून गेला, तिथे जाऊन बाकावर बसायला. सेमीफायनलला भर पावसात ह्याचाच फ्रीकिक आत गेला होता म्हणून तर फायनलला पोचले. जपानी लोक तेव्हा चिडले नसतील?

तोक्यो_लोकल

काका, चिडले होते. सॉरी उशीर झाला, मोबाईलवरून टंकतोय, लोकल ट्रेनमध्ये उभा आहे, शुद्धलेखनाला हसू नका. गेली अकरा वर्षं इथे निशी-कासाईला आहे, आपली बरीच मंडळी आहेत ह्या भागात.

माझ्या ऑफिसात एक साठीला आलेले साहेब आहेत, फुटबॉलचे वेडे, जे-लीग सुरू झाल्यापासूनचे. त्यांच्यासमोर हा विषय काढला की आधी दात आवळून श्वास आत ओढतात, म्हणजे 'अवघड आहे'. त्यांचा माणूस काझू. सगळे त्याला किंग काझू म्हणतात. आयुष्यभर वर्ल्ड कपची वाट बघितली आणि १९९८ ला संघ पहिल्यांदा गेला तेव्हा ऐनवेळी त्यालाच वगळलं. आणि तो पन्नाशी उलटली तरी खेळतोय! साहेब म्हणतात काझूने फुटबॉलवर प्रेम केलं, नाकाताला फुटबॉल जमायचं. हे जपानीत ऐकायला जास्त टोचतं.

नाकाताचं पत्रकारांशी पण कधी पटलं नाही. उलटसुलट छापतात म्हणून स्वतःची वेबसाइट काढली आणि जे बोलायचं ते तिथेच. हे १९९८ च्या आसपास, तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफेत तासाला पैसे मोजायचे दिवस. रिटायरमेंट पण तिथेच लिहून टाकली, आयुष्य म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे आयुष्य असं मथळ्यात. प्रेस कॉन्फरन्स वगैरे काही नाही. थोरामोठ्यांपुढे वाकायचं नाही, मैदानात सीनियरना पण नुसत्या नावाने हाका मारायच्या, इथल्या पद्धतीत हे किती उद्धट दिसतं ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून अर्धे लोक त्याच्यावर फिदा आणि अर्ध्यांना तो घमेंडी वाटायचा. माझ्या वयाच्या लोकांना मात्र तेच आवडायचं.

त्या वेबसाइटची अजून एक गोष्ट. त्याचा पहिला क्लब बेलमारे हिरात्सुका. मोठ्या कंपनीने पैसे काढून घेतले आणि क्लब बुडायला आला, तेव्हा ह्याच्या वेबसाइटचं नाव क्लबच्या किटवर आलं, म्हणजे इटलीत बसून जुन्या क्लबला स्पॉन्सर करत होता. तो क्लब शोनान बेलमारे नावाने अजून चालू आहे. हे साहेबांना सांगितलं तर म्हणाले हो ते बाकी बरोबर केलं त्याने.

उतरतो आता, स्टेशन आलं.

बाकावरचा_बाळू

तोक्योकर, साके राहिली! भाच्याला उत्तर द्यायचंय मला.

तोक्यो_लोकल

घरी आलो. साकेचं असं, रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षं तो जगभर भटकला. बाहेर सगळे जपानबद्दल विचारायचे आणि ह्याला स्वतःलाच काही माहीत नाही असं लक्षात आलं, म्हणून परत येऊन देश बघायला निघाला. ४७ च्या ४७ प्रीफेक्चर (म्हणजे तिकडचे प्रांत), गाडी घेऊन, गावोगाव. कुंभार, विणकर, शेतकरी, आणि साके गाळणारे. इथे साकेच्या भट्टीला कुरा म्हणतात, अशा शेकडो कुरा पालथ्या घातल्या त्याने. आपल्याकडे आजोबा लोक बाटलीचं लेबल न बघता जे मिळेल ते पितात तसंच साकेचं झालं होतं, तरुण पोरं वाइन-बियरकडे गेलेली. ह्याने २०१५ ला कंपनी काढली, २०१६ पासून तोक्योत रोप्पोंगीला क्राफ्ट साके वीक भरवतो.

मी एकदा गेलोय. रोज वेगळ्या कुरा असतात, आपण चषक विकत घ्यायचा आणि नाण्यांसारखी कॉइन्स मिळतात ती देऊन चव घेत फिरायचं. एका स्टॉलवरच्या म्हाताऱ्याला विचारलं नाकाता-सान येतात का इकडे. तो म्हणाला, येतात, तांदूळ किती टक्के घासला ते विचारतात आणि उत्तर पटलं नाही की परत विचारतात.

म्हणजे स्वभाव तोच.

मडगांवचो_विंगर

बरें लिहिलंय सगळ्यांनी. आमच्या गोंयात फुटबॉल हा आमचा धर्म हें वेगळं सांगायला नको, पण हा धागा वाचून मला जळायला झालं, खरं सांगतो.

बघा हां. नाकाता १९९८ ला इटलीत गेला. आपला बायचुंग भुतिया १९९९ ला इंग्लंडला 'बरी' नावाच्या क्लबात गेला. एका वर्षाचं अंतर! तेव्हा आमच्या क्लबवर बसून आम्ही म्हणायचो की आता बघा, दार उघडलं, आमचे पण पोरगे जाणार. १९९८ च्या जपान संघात २२ चे २२ जे-लीगचे, बाहेर एक पण नाही. २००२ ला चार बाहेरचे. २०२२ ला कतारला जर्मनी आणि स्पेन दोघांना हरवलं तेव्हा २६ मधले १९ युरोपात. आणि बायचुंगच्या मागून कोण गेला? सुनील छेत्री पोर्तुगालला गेला थोडे महिने, बी टीममध्ये खेळून परत आला. संपलं.

मग एकटा नाकाता मोठा की त्याच्या पाठीमागे जे-लीग होती, शाळा-शाळांत मैदान होतं, कोच होते ते मोठं? नाकाता यामानाशीतल्या एका साध्या सरकारी हायस्कूलच्या टीममधून आलेला. आमच्याकडे सरकारी हायस्कुलात ग्राउंडवर शिक्षकांच्या गाड्या लावतात.

खडूस_काका

मडगावकर, हेच मला म्हणायचं होतं. माणूस नाही, सिस्टिम.

रेफ्री_सुटीवर

सिस्टिमने माणूस तयार केला हे कबूल. पण युव्हेंटसपुढे दोन गोल सिस्टिमने नाही मारले काका. ते जर नसते मारले तर पुढच्या जपानी पोरासाठी फोन उचलायला इटलीतला क्लब मालक वर्षभर थांबला असता. नाकामुरा, ओगासावारा, मोरिमोतो, होंडा, नागातोमो, हे सगळे इटलीत गेले ते त्याच्यानंतरच ना.

बालेवाडी_ब्लॉक_सी

अवांतर आहे, पण जपानी रिटायर्ड फुटबॉलर म्हटलं की पुण्याच्या माणसाला अराता इझुमीच आठवणार. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. आधी कोलकात्याला ईस्ट बंगाल, मग मुंबईची महिंद्रा युनायटेड, आणि २००९ पासून पुणे एफसी. बालेवाडीला एवढं प्रचंड स्टेडियम आणि आम्ही मोजून काहीशे टाळकी, प्लास्टिकच्या खुर्च्या अशा तापलेल्या की पेपर घालून बसायचं. कुणीतरी ओरडलं "अराता, परत दे!" की तो खरंच परत पास द्यायचा, आमचं ऐकून की काय देव जाणे. भारतासाठी खेळायचं म्हणून जपानचा पासपोर्ट सोडला त्याने आणि २०१३ ला निळी जर्सी घातली. नाकाता आमच्यासाठी टीव्हीतला. अरातासारखी वेळेवर बॉल सोडायची सवय आमच्या गल्लीतल्या तीन पोरांना लागली, ती मी डोळ्यांनी बघितली.

पुणे एफसी गुंडाळली गेली त्याला पण आता दहा वर्षं होतील की झाली.

भिंतीवरची_पाल

बालेवाडीवर वेगळा धागा हवा. काढाच.

बाकावरचा_बाळू

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाच्याला जोहोर बाहरूची मॅच दाखवली. पहिली दहा मिनिटं फोनमध्ये होता, ११८ व्या मिनिटाला मात्र उभा राहिला. ओकानोने चान्स घालवले तेव्हा मितोमाने घातला असता म्हणाला. लोल.

दुसरा प्रश्न तसाच राहिला, २९ ला का सोडलं. तोक्योकरांच्या साहेबांचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. छेत्री चाळिशी उलटल्यावरही खेळला, काझू तर थांबतच नाही, आणि हा सगळं हातात असताना उठून गेला. मी स्वतः क्लबचं क्रिकेट पस्तिशीला गुडघ्याने सोडायला लावलं म्हणून सोडलं, त्यामुळे मला ते पचत नाही हे खरं कारण.

रेफ्री_सुटीवर

नंतर त्याने सांगितलंय की फुटबॉल धंदा झाला, संघ पैशासाठी खेळतात असं वाटायला लागलं, मजा गेली म्हणून सोडलं. खरं खोटं त्याला माहीत. पण वर्ल्ड कपच्या कितीतरी आधी मनात ठरलेलं होतं म्हणे. म्हणजे तुमच्या बाबांना चक्कर दिसली ती मॅच संपायच्या आधीपासून त्याला माहीत होतं की ही शेवटची.

खडूस_काका

तोंडावरचा शर्ट कुणाचा होता ते सांगा कोणीतरी. जपानचा निळा नव्हता एवढं नक्की.

रोमची_पाहुणी

पिवळा होता. ब्राझीलच्या आद्रियानोचा. दोघं पार्माला एकत्र खेळलेले ना, मॅच संपल्यावर शर्ट बदलले त्यांनी.

बाकावरचा_बाळू

पिवळा? मी इतकी वर्षं निळाच समजत होतो. बाबांना विचारलं आत्ता फोन करून. म्हणाले "पिवळाच होता, मी तेव्हाच बघितलं, पण पाणी दिलं का रे त्याला कोणी?"